माणसासकट शब्द

मोठ्या माणसानं कुमारवयीन मुलांची कादंबरी हातात घेतली की घरात कुणीतरी हसतं. हसू द्यावं. ज्याला इंग्रजी जरा सुधारायचं आहे, त्याला या पुस्तकांइतकी सोयीची जागा नाही. वाक्यं आटोपशीर असतात, गोष्ट पुढे पळत असते आणि अवघड शब्द आले तरी एकेकटे येतात. मार्कस झुसाक या ऑस्ट्रेलियन लेखकाची ‘द बुक थीफ’ ही २००५ सालची कादंबरी तशीच आहे, आणि गंमत म्हणजे ती शब्द शिकणाऱ्या मुलीचीच गोष्ट आहे. काळ हिटलरच्या जर्मनीतला. लीझल ही लहान मुलगी म्युनिकजवळच्या एका गावात परक्या घरी सांभाळायला दिलेली आहे. तिला वाचता येत नाही. जवळ पुस्तक एकच, तेही धाकट्या भावाला पुरलं त्या दिवशी बर्फात सापडलेलं, आणि विषय काय, तर कबर खणणाऱ्यांसाठी सूचना! रात्री ती वाईट स्वप्नानं दचकून उठते. मग तिला सांभाळणारा हान्स तिच्याजवळ येऊन बसतो. तो घरं रंगवणारा माणूस. त्याचं स्वतःचं वाचनही बेताचंच, आणि ते तो लपवत नाही. तरी तो पॉलिशपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर तिला अक्षरं काढून देतो. पुढे त्यांची शाळा तळघरात भरते. तिथे कागद पुरवायची चिंता नाही. रंग आहे, ब्रश आहे आणि आख्खी भिंत मोकळी आहे.

त्या भिंतीवरचा शब्द लीझल विसरत नाही, कारण त्याला हान्सच्या कपड्यांवरच्या रंगाचा वास आहे, त्या रात्रीची थंडी आहे. वाचणाऱ्याचंही तसंच होतं. या कादंबरीत हान्सची बायको रोझा तोंडानं भारी फटकळ. लीझलला ती सतत ‘झाउमेन्श’ म्हणते. शब्दाच्या पोटात डुक्कर आहे, म्हणजे सरळसरळ शिवीच. लेखक अर्थ सांगून टाकतो, तेव्हा आपल्याला ही बाई कजाग वाटते. पण पानं उलटत जातात तसं लक्षात येतं, की हिला माया दुसऱ्या कुठल्या शब्दानं करताच येत नाही. हे कुठल्या शब्दकोशात सापडणार? आपल्याकडे आजी नातवाला ‘मेल्या, जेवून घे’ म्हणते, तेव्हा परक्या माणसाला कोश उघडून दिला तर तो बिचारा घाबरेलच. शब्दाचा अर्थ कोशात असतो खरा. पण तो कोण कुणाला, कुठल्या आवाजात म्हणालं, हे गोष्टीतूनच कळतं. म्हणून वाचताना प्रत्येक अनोळखी शब्दाशी थांबू नये. पुस्तक बाजूला, फोन हातात, अर्थ बघितला, तेवढ्यात एक मेसेज आला, आणि लीझल तळघरात तशीच राहिली, असं होतं. अंदाजानं पुढे जावं. महत्त्वाचा शब्द असला तर तो पुन्हा भेटायला येतो. तिसऱ्या-चौथ्या भेटीत त्याचा चेहरा ओळखीचा होतो, तेव्हा हवं तर कोश उघडून खात्री करावी. त्या वेळी कोश जास्त उपयोगी पडतो, कारण आपल्याकडे विचारायला नेमका प्रश्न असतो.

पण असं वाचून राहतं किती, असं कुणी विचारेल. थोडंच राहतं. स्वानबोर्न आणि दे ग्लॉपर या दोन डच अभ्यासकांनी यावर आधी झालेले वीस प्रयोग एकत्र करून पाहिले आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापला. नेहमीसारखं वाचताना मुलांना जे अनोळखी शब्द भेटतात, त्यांतले शंभरांत साधारण पंधरा शिकले जातात. पंच्याऐंशी सुटतात! मला हा आकडा फार दिलासा देणारा वाटतो. रात्री चार पानं वाचली आणि सकाळी त्यातला एखादाच शब्द आठवला, तर आपलं डोकं चाळिशीनंतर चालेनासं झालं असं मानायचं कारण नाही. सगळ्यांचं असंच होतं. पंधरा हवे असतील तर शंभर डोळ्यांखालून जाऊ द्यावे लागतात, आणि त्याला रोज वाचणं हाच उपाय. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथे, नाहीतर कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी उभ्यानं. ठेवायचा मात्र एकच शब्द. घरातल्या दिनदर्शिकेत दुधाचा आणि गॅसच्या टाकीचा हिशेब लिहितो ना, त्याच चौकोनात तो लिहून ठेवावा. शेजारी अर्थ नको. तो म्हणणाऱ्या पात्राचं नाव लिहावं. महिनाअखेरीला दुधाचा हिशेब करताना ती सगळी माणसं एकदा नजरेखालून जातात, तेवढी उजळणी पुष्कळ झाली.

मिळालेला शब्द वापरावाही लागतो, आणि ते लीझलकडून शिकावं. हान्सच्या तळघरात माक्स नावाचा ज्यू तरुण लपलेला असतो. त्याला बाहेर पडणं शक्य नाही, दिवसा आकाश दिसत नाही. तो तिला सांगतो, की तू बाहेरून आलीस की मला हवा कशी आहे ते सांगत जा. मग ती ‘ऊन आहे’ किंवा ‘ढगाळ आहे’ म्हणून सुटका करून घेत नाही. ढग कसा पसरलाय, सूर्य त्याच्या कुठल्या टोकाला आहे, हे तिच्याजवळ असतील तेवढ्या शब्दांत सांगते, आणि माक्स ते आकाश भिंतीवर रंगवतो. तिच्याकडे शब्द मोजकेच आहेत, पण सांगायचंय म्हणून ती आकाशाकडे नीट बघायला लागते. आपल्यालाही हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतंच. गावाहून आईचा फोन येतो, पहिलं वाक्य ठरलेलं, ‘तिकडे पाऊस आहे का रे?’ आपण चपला घालता घालता ‘हो, आहे’ म्हणतो आणि डबा घेतला का, ते बघायला लागतो. आज खिडकीतून एकदा डोकावून उत्तर द्यावं. नुसती भुरभुर आहे, सकाळपासून रिपरिप चाललीय, की दोन दिवस झड लागलीय? यातला एक शब्द तुम्ही वापरलात, की आई तिच्याकडचे दोन काढते, वर शेताच्या बांधावरची एखादी बातमी देते, आणि वाळत न घातलेल्या कपड्यांवरून बोलणं आणखी पाच मिनिटं लांबतं.