दुरंगी तगरीचे देणे

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या जुन्या बैठ्या घरांत तगरीची फुले पहाटे वेचून देवापुढे ठेवली जात. इथल्या तमिळ शेजाऱ्यांची ही नंदियावट्टै. आर्य गौडा रोडच्या आसपास त्या घरांच्या जागी आता मजल्यांवर मजले चढले आहेत आणि झाडांसाठी कुंपणाच्या भिंतीलगतची चिंचोळी पट्टी तेवढी उरली आहे. त्या पट्टीत शोभेसाठी लावतात ती दुरंगी तगर. पान मधोमध हिरवे, काठाला दुधी पांढरे. फुले असोत वा नसोत, बारा महिने पानांनीच नटलेले झुडूप.

त्या पांढऱ्या काठात हरितद्रव्य नसते, म्हणून त्याला अन्न तयार करता येत नाही. पानाचा हिरवा भाग स्वतःचे पोट भरतो आणि काठालाही पोसतो. साहजिकच हे झुडूप साध्या तगरीपेक्षा सावकाश वाढते. हिरवा भाग मुळीच नसेल तर काय होते, हे आपल्या परिचयाच्या गुलबक्षीने दाखवून दिले आहे. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली चितकबऱ्या गुलबक्षीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पराग कोणत्याही फांदीवरचे असोत, पांढऱ्या फांदीवरच्या बियांतून पांढरीच रोपे आली आणि बीमधली शिदोरी संपताच मेली.

झाडाच्या दृष्टीने पांढरा काठ हे ओझेच आहे. रानात असे झुडूप भोवतालच्या हिरव्या गर्दीत मागे पडले असते. ते वाचले, कारण कुणाला तरी त्याची पाने आवडली आणि त्याने फांदी तोडून छाटकलम लावले. दुरंगीपण बियांतून भरवशाने उतरत नाही, ते फांदीतूनच पुढे न्यावे लागते. एका जिवातली उणीव आपण सौंदर्य म्हणून निवडली. त्या निवडीबरोबर त्याचा सांभाळही आपल्याकडे आला, असे मी मानतो.

हा सांभाळ इथे सोपा नाही. चेन्नईच्या मे महिन्यातल्या दुपारी पांढरा काठ आधी करपतो, म्हणून झुडपाला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली देणारी पूर्वेची बाजू द्यावी. बोअरच्या खारट पाण्याने पानांच्या कडा तपकिरी पडतात. त्यातून जमीन सखल. १९२०च्या दशकात मोठे तळे आटवून रेल्वेच्या रुळांपलीकडे त्यागरायनगर वसवले गेले, त्या तळ्याची खूण इकडे लेक व्ह्यू रोडच्या नावात राहिली आहे. डिसेंबर २०१५च्या पुरात पाणी आपली जुनी वाट विसरले नसल्याचे दिसलेच. तुंबलेल्या पाण्यात मुळे कुजतात, तेव्हा वाफा उंच हवा आणि माती निचऱ्याची.

सर्वांत अवघड काम छाटणीचे. दुरंगी झुडपातून अधूनमधून निव्वळ हिरवा फुटवा निघतो. तो जोमदार असतो, भराभर वाढतो आणि तसाच राहू दिला तर काही काळात सगळे झुडूप व्यापतो. तो दिसताक्षणी बुंध्यापासून काढावा लागतो. निरोगी, धष्टपुष्ट फांदीवर कात्री चालवताना हात अडखळतो. जोमाने वाढते त्याला वाढू द्यावे, हेच आपल्याला न्याय्य वाटत आलेले असते. पण निसर्गाचा कौल बलवानाच्या बाजूने आधीच पडलेला असतो. दुबळ्याला जागा हवी असेल, तर ती कुणीतरी जाणूनबुजून राखावी लागते आणि पुन्हा पुन्हा राखावी लागते.

जमिनीच्या त्या पट्टीचेही तेच आहे. तिचे भाडे येत नाही, म्हणून सोसायटीच्या बैठकीत तिच्यावर काँक्रीट ओतून आणखी एक गाडी उभी करण्याचा विषय निघतो. तमिळनाडूत २००३ पासून प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी मुरवण्याची सोय सक्तीची आहे, पण खड्डा खणून कायदा पाळला तरी उघडी माती राखायची की नाही, हे रहिवाशांनीच ठरवायचे असते. दुरंगी तगर लावणाऱ्याने त्या बैठकीत मातीच्या बाजूने बोलले पाहिजे. झाड आवडते म्हणणाऱ्याकडून एवढी अपेक्षा रास्तच आहे.