मनाने जोडलेली कारणे

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २८:१–६



पौलाचे तारू फुटले आणि त्यावरील २७६ माणसे माल्टा बेटाच्या किनाऱ्यास लागली. पाऊस व थंडी होती, म्हणून तेथील लोकांनी मोठ्या ममतेने शेकोटी पेटवली. पौल काटक्या विस्तवावर टाकीत असता उष्णतेने एक साप बाहेर निघाला व त्याच्या हाताला लटकून राहिला. हे पाहताच लोकांनी निवाडा करून टाकला की, हा कोणी खुनी असला पाहिजे. समुद्रातून वाचला, पण न्याय त्याला जगू देत नाही. पुढे पौलाने साप झटकून टाकला व त्याला काही इजा झाली नाही, तेव्हा त्याच लोकांनी त्याला देव ठरवले. घटकाभरात खुन्याचा देव झाला! पौल मात्र होता तोच होता. बदलले ते केवळ पाहणाऱ्यांच्या मनाने जोडलेले कारण.

ते लोक दुष्ट नव्हते. त्यांच्या हातून घडले ते आपल्या हातून रोज घडते. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या की मन त्यांची गाठ मारते, आणि ही गाठ आपणच मारली हे विसरून जाते. १९४८ साली अमेरिकेतील स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आठ भुकेल्या कबुतरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. पाखराने काही करो वा न करो, यंत्राने ठरलेल्या वेळी दाणा पुढे येई. तरी एक पाखरू गोल गिरक्या घेऊ लागले, दुसरे पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोके खुपसू लागले; आठांपैकी सहांना अशी काही ना काही खोड जडली. स्किनरचे म्हणणे असे की, दाणा आला त्या क्षणी जे पाखरू जे करीत होते, तेच ते पुन्हा पुन्हा करू लागले. जणू त्यानेच दाणा येतो.

मनुष्य पाखराहून शहाणा खरा, पण या बाबतीत फारसा नाही. १९७५ साली लँगर या विदुषीने दाखवून दिले की, एका डॉलरची सोडतीची चिठ्ठी ज्यांना नुसती हाती दिली, ते ती सुमारे दोन डॉलरांस विकण्यास तयार होते. पण ज्यांनी ती स्वतः निवडली, त्यांनी आठ डॉलरांहून अधिक मागितले. आपण निवडली एवढ्यानेच सोडतीवर आपली सत्ता चालते असे मनास वाटले. आपणही कधी कधी प्रार्थनेची अशीच चिठ्ठी करतो, आणि इतके उपास केले म्हणजे देवाचा हात आपल्या मुठीत आला असे समजतो.

याहून खोल गोष्ट ‘मी’ची आहे. फेफऱ्यावर उपाय म्हणून काही रोग्यांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारे तंतू शस्त्रक्रियेने कापले जात. १९७८ साली गॅझानिगा व लेडू यांनी अशा एका रोग्याची हकीकत लिहिली. त्याच्या बोलणाऱ्या भागाला कोंबडीचा पाय दाखवला, व मुक्या भागाला बर्फाने वेढलेले घर. मग शोभेल ते चित्र निवडावयास सांगता त्याच्या डाव्या हाताने बर्फ उपसण्याचे फावडे दाखवले. ते का, असे विचारताच तो न अडखळता म्हणाला की, कोंबड्यांचे खुराडे साफ करावयास फावडे लागते. तो लबाड नव्हता. त्याला खरेच तसे वाटले. आपल्या आतही असा एक वकील बसला आहे. खरे कारण त्याला ठाऊक असो वा नसो, तो उभा राहून म्हणतो, ‘हे मी केले, आणि अशासाठी केले.’

माझ्या वकिलाची गोष्ट मी लाजेने सांगतो. बारा वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या एका गावी पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली व एक लेकरू दगावले. त्या रविवारी मी उपदेश केला की, ज्या घरात कौटुंबिक उपासना बंद पडते त्या घरावर संकट येते. त्या लेकराची आई खाली मान घालून ऐकत होती. सर्वांची दृष्टी तिच्या घराकडे गेली, विहिरीकडे कोणाचीच गेली नाही. पुढच्या आठवड्यात आणखी दोन मुले आजारी पडली. ती देवकृपेने वाचली. मग आरोग्यसेवकाने पाणी तपासावयास पाठवले, ते दूषित निघाले. विहिरीच्या बांधकामाला भेग पडून गटार आत पाझरत होते. प्रार्थना करणारे व न करणारे सारे तेच पाणी पीत होते.

मी त्या बाईकडे क्षमा मागावयास गेलो. ती म्हणाली, “पाळकसाहेब, पोर गेलं, देवानं सोसायला बळ दिलं. पण तुम्ही बोलला तेव्हापासून वाटतंय, मीच त्याला मारलं.”

मी तसा उपदेश का केला? वकील म्हणाला, धर्माच्या कळकळीने. पण देवापुढे बसून शोधले तेव्हा दिसले की मी भ्यालो होतो. संकटाचे कारण तिच्या घरात सापडले, म्हणजे माझे घर सुरक्षित राहिले!

प्रभूने अशी गाठ मारण्यास स्पष्ट नकार दिला. शिलोहातील बुरूज पडून १८ माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे त्याने सांगितले, आणि ऐकणाऱ्यांस स्वतःच्याच पश्चात्तापाकडे वळवले. जन्मांधाविषयी शिष्यांनी दोष कोणाचा म्हणून विचारले, तेव्हा त्याने ना त्याला दोषी ठरवले, ना त्याच्या आईबापांना. त्याने त्याचे डोळे उघडले.

यास्तव धर्मशिक्षक बंधूंनो, कारणे शोधूच नका असे मी म्हणत नाही. शोधा, पण तपासून घ्या. ‘अमुक केले म्हणून तमुक झाले’ असे ओठांवर आले, तर आधी पाहा : ज्यांनी ते केले नाही त्यांच्या घरी काय झाले? प्रार्थना करा, आणि पाणीही उकळून प्या. दुःखिताच्या घरी गेलात तर ईयोबाच्या मित्रांसारखे बसा. सात दिवस ते मुके राहिले तोवर खरे सोबती होते, कारणे सांगू लागले तेव्हाच चुकले.

ती बाई आज आमच्या मंडळीत आहे. ती माझ्या उपदेशाला येते तेव्हा ‘म्हणून’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी मी क्षणभर थांबतो. हे प्रभू, आमच्या घाईच्या जिभेवर तूच पहारा ठेव. आमेन.