पाळण्याखाली थांबलेले मूल

अमेरिकेतील सॅन अँटोनिओ शहरात २०१० साली ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हे उद्यान सुरू झाले. गॉर्डन हार्टमन यांनी ते आपल्या दिव्यांग लेकीमुळे उभारले. तेथे व्हीलचेअरसकट झोक्यावर बसता येते. दिव्यांगांना प्रवेश मोफत आहे आणि इतर मुलेही त्यांच्यासोबत खेळतात.

आपण अशा मुलाला जत्रेत नेतो, तेव्हा ते बहुधा पाळण्याखाली भावंडांची वाट पाहत बसते. आपण हळहळतो, खाऊ घेऊन देतो. पण उणीव मुलात आहे, की आपण बांधलेल्या पाळण्यात?

मार्कच्या शुभवर्तमानात चौघांनी पक्षाघाती माणसासाठी छप्पर उघडले आणि प्रभू येशूने त्यांचा विश्वास पाहिला. हळहळणे सोपे, जागा करून देणे हेच खरे प्रेम. आज आपल्या चर्चच्या पायऱ्यांकडेही आपण त्याच नजरेने पाहू या.