जुन्या पेटीत जुने काय असते?

इंदापूर-बारामतीकडे जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, विकायची असली तर तिची जाहिरात कोणी देत नाही. सप्ताहाचा काला होतो, पंगत उठते आणि हात धुताना कोणीतरी शेजारी येऊन म्हणतो, "तात्या, खालच्या आळीच्या मास्तरांची पेटी द्यायचीय म्हणत्यात. जर्मन सुरांची हाय." दोन दिवसांत भजनी मंडळातले आम्ही तिघे-चौघे मास्तरांच्या ओसरीवर असतो. पेटीवरचे फडके निघते, एकजण भाता मारतो, दुसरा लाकडावर बोट वाजवून "सागवान हाय" म्हणतो, आणि भाव सुरू होतो. या घाईत एक प्रश्न राहून जातो. या पेटीत जुने नेमके काय आहे?

सगळा व्यवहार या प्रश्नावर उभा आहे. पेटी दिसते एक, पण तिच्यात वेगवेगळ्या वयाचे सामान एकत्र नांदत असते. भात्याचा पुठ्ठा, घड्यांवरचे कापड, कोपऱ्यांचे चामडे या झिजणाऱ्या गोष्टी. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात घड्या तडकतात, उंदीर चामडे कुरतडतात, पट्ट्यांखालच्या फेल्टला कसर लागते, स्प्रिंगा ढिल्या पडतात. वाजत्या पेटीत हे सगळे बदललेले असते आणि बदलायलाच हवे. भाता नवा घातला म्हणून पेटीचे जुनेपण उणे होत नाही. लाकूड जुने असते, पण आवाज जन्मतो तो सुरांत. पेटीवाले ज्याला सूर म्हणतात ती म्हणजे पितळी पट्टीवर एका टोकाला रिव्हेटने जखडलेली पातळ पितळी जीभ. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या असतात. खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकाची, आणि नर, म्हणजे मधल्या सप्तकाची, अशा दोन ओळी असल्या तर ८४ सूर, वरच्या सप्तकाची मादीची तिसरी ओळ असली तर १२६. या जिभा जुन्या असतील तर पेटी जुनी. त्या नसतील तर ती जुन्या खोक्यातली नवी पेटी.

जर्मन आणि पॅरिसच्या सुरांचे नाव निघते त्याला इतिहास आहे. हे वाद्य १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये घडले, तेव्हा भाता पायाने मारायचा. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताच्या भात्याचे रूप दिले आणि ते आपल्या बैठकीत आले. पेट्या इथे बनू लागल्या तरी सूर बराच काळ बाहेरून यायचे. पुढे गुजरातेत पालीताण्याला सूर घडू लागले. पालीताण्याच्या चांगल्या सुरांना मी कमी लेखत नाही. कित्येक पेट्या त्यांच्यावर गोड वाजतात. पण विकणाऱ्याने पालीताण्याला जर्मन म्हणू नये, एवढे तरी हवे.

आता ही जीभ जवळून पाहा. पेटीचे वरचे झाकण काढा, सुरांची फळी उचला आणि उन्हाकडे धरा. जुन्या सुरांचे पितळ मळकट, मधासारख्या रंगाचे दिसते. मध्येच एखादा चकचकीत असेल तर तो नंतर बसवलेला. मग जिभेच्या टोकाशी आणि बुडाशी बघा. तिथे बारीक ओरखडे दिसतील. ते कानशीचे आहेत. सूर लावणारा कारागीर जिभेखाली पातळ पत्रा सरकवतो आणि कानस फिरवतो. टोकाशी घासले की जीभ हलकी होते, स्वर चढतो. बुडाशी घासले की ती मऊ होते, स्वर उतरतो. सतारीची खुंटी पिळली तर उलटी पिळता येते. इथे घासलेले पितळ परत येत नाही. प्रत्येक वेळी सूर लावताना जीभ थोडी खर्ची पडते. चढवून उतरवून, पुन्हा चढवून शेवटी ती इतकी पातळ होते की जोरात भाता मारला की स्वर डळमळतो.

म्हणून पेटीतल्या बदलांचे दोन प्रकार मी मनाशी धरले आहेत. एकात मागे फिरायला वाट असते, दुसऱ्यात नसते. भाता, फेल्ट, स्प्रिंगा, मुठी, स्क्रूने बसवलेला कप्लर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टी वाजवणारी जोडणी) हे पहिल्यातले. कानस आणि करवत दुसऱ्यातले. दुसऱ्या प्रकारचा बदल करूच नये असे मी म्हणत नाही. पण तो कशासाठी करतोय, कोणासाठी करतोय, हे आधी स्वतःला विचारावे.

एक उदाहरण देतो. फ्रान्सने १८५९ साली मध्य सप्तकातल्या 'ए' या स्वराची कंपने ४३५ ठरवली. १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ती ४४० धरली गेली. ४३५ ला लागलेली जुनी पेटी आजच्या कीबोर्डशेजारी ठेवली की ती पाव स्वराहूनही कमी, अर्ध्या स्वराच्या साधारण पाचव्या हिश्शाने, उतरलेली वाटते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मंडळाची माणसे घाबरी होतात आणि पेटीचे सगळे सूर घासून आणतात. बहुतेक कीबोर्डांत मात्र स्वर किंचित खाली-वर करायची सोय असते. दोन मिनिटांत कीबोर्ड पेटीला मिळवता येतो आणि कार्यक्रम झाला की परत होता तसा करता येतो. ८४ जिभांचे पितळ वाचते.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. पेटीचा शुद्ध गांधार गाण्याच्या मानाने चढा असतो. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग धरले तर पेटीत तो ४०० वर असतो, तंबोऱ्यात ऐकू येणारा गांधार ३८६ च्या जवळ. हा फरक कानाला टोचतो. पेटीवर आपल्याकडे जे आक्षेप आले, आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी तीन दशके तिला बाहेर ठेवले, त्यात ही टोचणी होतीच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी श्रुतींची पेटी करवून घेतली ती याच ओढीने. आज काही वादक एका विशिष्ट षड्जाला धरून सगळे सूर नव्याने लावून घेतात. त्याला गांधार ट्यूनिंग म्हणतात. स्वतंत्र वादनात त्याची गोडी वेगळीच. पण अशी काळी एकला सा धरून लावलेली पेटी भजनी मंडळात आली तर? आमच्याकडे पहिला बुवा पांढरी चारमध्ये गातो, दुसरा काळी पाचमध्ये. बिचारी पेटी दोघांनाही बेसूर वाटते. दोष पेटीचा नाही, वादकाचाही नाही. एकाच्या गळ्यासाठी केलेला बदल दुसऱ्याच्या माथी न सांगता मारला गेला, एवढीच चूक.

वाद्य बदलावे की मूळचे जपावे, हा पेच जगभर आहे. अमेरिकेत लिओ फेंडर या गिटार बनवणाऱ्याने १९५१ साली इलेक्ट्रिक बेस गिटार बाजारात आणली. १९६५ मध्ये त्याने कंपनी विकली आणि त्याआधीच्या गिटारींचा भाव आज फार चढा आहे. त्यांत कोणी नवे पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपणारे भाग, बसवले, लाकूड कोरले, रंग काढला की किंमत उतरते. पण जाको पास्टोरियस या वादकाने आपल्या १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट, म्हणजे सतारीच्या पडद्यांसारख्या धातूच्या पट्ट्या, उपटून काढल्याचे सांगतात, आणि त्यातून बेसला गाता गळा मिळाला. संग्राहकाच्या हिशेबाने ती नासधूस, संगीताच्या हिशेबाने नवी वाट. तिथल्या जाणत्या लोकांची एक सवय मला फार आवडते. पिकअप बदलला तर मूळचा ते जपून ठेवतात आणि गिटार विकताना सोबत देतात.

हे मला इतके आवडायला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाची वडिलोपार्जित पेटी स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी, करून आणायला आम्ही एका कारागिराकडे दिली. साध्या पेटीचा स्केल चेंजर करायचा म्हणजे पट्ट्या सरकत्या कराव्या लागतात, आतली रचना बदलते, खोकेही बहुधा नवे लागते. पेटी परत आली ती छान चकाकत होती. पहिल्याच एकादशीला आमचे वृद्ध चोपदार म्हणाले, "खर्ज कुठं गेला रं हिचा?" आतले सूर बदलले होते. आधी फोटो काढला नव्हता, सूर मोजले नव्हते, जुने परत मागितलेही नव्हते. आम्ही बोलायचे तरी कशाच्या जोरावर? आमच्या आजोबांनी वर्गणी काढून आणलेला तो खर्ज आता कोणाच्या पेटीत वाजतो, आम्हाला ठाऊक नाही.

तेव्हापासून पेटी बघायला गेलो की मी आधी हवा सोडणाऱ्या सगळ्या खुंट्या बंद करून भाता भरतो आणि तो किती वेगाने बसतो ते पाहतो. गळती असली तर भाव थोडा कमी, कारण ती दुरुस्त होते. मग अगदी हलक्या हवेवर खर्ज बोलतो का ते ऐकतो. चांगला सूर कुजबुजीतही उठतो. शेवटी फळी उचलून कानशीच्या खुणा बघतो, आणि खरा भाव तिथे ठरतो.

पेटी दुरुस्तीला देणाऱ्यांना माझी विनंती आहे. देण्याआधी फळीचा फोटो काढा. जो सूर बदलेल तो परत मागून घ्या, चिंधीत बांधून, वर स्वराचे नाव लिहून पेटीच्याच पोटात ठेवा. आणि पेटी विकाल तेव्हा ती पुरचुंडीही घेणाऱ्याच्या हाती द्या.