पूर्वसूचना आणि जबाबदारी

एखादा विषाणू कोणकोणत्या प्राण्यांच्या देहात शिरू शकेल, हे आधीच सांगता यावे ही जीवशास्त्रज्ञांची जुनी आकांक्षा आहे. पेशीवरील एखादे प्रथिन हे विषाणूच्या दृष्टीने कुलूप असते. त्याची किल्ली जेथे लागेल तेथेच त्याला प्रवेश. कोरोनाच्या बाबतीत हे कुलूप म्हणजे एसीई-टू नावाचे प्रथिन. ऑगस्ट २०२० मध्ये काही संशोधकांनी ४१० पृष्ठवंशीय प्राण्यांतील या प्रथिनाची माणसाच्या प्रथिनाशी तुलना केली आणि प्राण्यांची धोक्यानुसार वर्गवारी मांडली.

तिच्यात पांढऱ्या शेपटीचे हरीण वरच्या वर्गात होते. पुढे २०२१ साली अमेरिकेतील रानांत या हरणांना लागण झाल्याचे दिसून आले. मांसभक्षक प्राणी मात्र, मार्जारकुळातले काही सोडता, कमी धोक्याचे ठरले. मिंक हा मुंगसासारखा लहानगा, मऊ केसांचा प्राणी याच गणातला. आणि ही वर्गवारी छापून येण्यापूर्वीच, एप्रिल २०२० मध्ये, नेदरलँड्समधील मिंकच्या पिंजऱ्यांत साथ शिरली होती! कुलूप पाहून सगळे कळत नाही. देहाची प्रतिकारशक्ती, प्राण्यांची दाटी, आणि विषाणूचे सतत बदलणे, यांचाही हिशोब असतो. आरंभीच्या कोरोनाला साधा उंदीर दाद देत नव्हता. नंतरच्या काही प्रकारांनी त्यालाही गाठले.

डेन्मार्कमध्ये तर फरसाठी दीड कोटीहून अधिक मिंक पाळलेले होते. त्यांच्यात बदललेला विषाणू पुन्हा माणसांत आल्याचे आढळले, आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी पंतप्रधानांनी सारेच मिंक, निरोगी असलेलेही, मारण्याचे जाहीर केले. निरोगी कळपांबाबत असा आदेश देण्याचा कायदेशीर अधिकार सरकारला नव्हता, हे मागाहून उघड झाले व कृषिमंत्र्यांना पद सोडावे लागले. घाईने पुरलेली कलेवरे फुगून मातीवर आली. पुढल्या वर्षी ती उकरून जाळावी लागली.

हा संहार केवळ क्रौर्य होता, असे आम्ही म्हणणार नाही. लस निष्प्रभ होईल या भीतीने ग्रासलेल्या राज्यकर्त्याच्या जागी आपण असतो, तर वेगळे काय केले असते? मानवी जीवाचे मोल अधिक आहे, आणि अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीलाही अमान्य नाही. अमान्य आहे ते निष्कारण यातना देणे. आमच्या मते खरा नैतिक प्रश्न नोव्हेंबरपूर्वीचा आहे. पाण्याकाठी एकेकटा वावरणारा हा प्राणी जाळीच्या पिंजऱ्यांत हजारोंनी कोंडला, तेव्हाच त्याचा मृत्युलेख अर्धा लिहून झाला होता. शास्त्रज्ञांनी त्याचे प्रथिन तपासले. पिंजरा त्यांच्या तक्त्यात नव्हता, आणि तो तपासणे हे त्यांचे एकट्याचे काम नव्हे.

फरचा कोट ही परक्यांची चैन म्हणून बोट दाखवणे आपल्याला सोपे आहे. परंतु २००६ साली आपल्याच नवापुरात बर्ड फ्ल्यू आला, तेव्हा कोंबड्या लाखांनी मारल्या गेल्या; त्यांची अंडी आपल्याच ताटात येत होती. एका प्राण्याला रोग होऊ शकतो हे आगाऊ समजले, तर त्याला किती दाटीने ठेवावे याचाही फेरविचार करावयास नको का? अंडे थोडे महागले तरी चालेल, असे म्हणण्याची तयारी आपल्यापैकी किती जणांची आहे?

डेन्मार्कने मिंकपालनावरील बंदी २०२३ च्या आरंभी उठवली.