सल्ला आणि संमती

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांना यश येऊन हर्षा चावडा ही 'टेस्ट ट्यूब' कन्या जन्मास आली, तेव्हा ज्या विद्येकडे लोक विस्मयाने पाहत होते, तिच्या जाहिरातींचे फलक आज लहान शहरांतील हमरस्त्यांवरही झळकतात. त्या काळी दांपत्यापुढे प्रश्न एकच असे, ही विद्या आपल्या वाट्याला येईल की नाही. आता मात्र तज्ज्ञासमोर बसल्यावर, गोळ्यांनी बीजनिर्मितीस चालना द्यावी, की निवडक शुक्राणू थेट गर्भाशयात सोडावेत, की प्रयोगशाळेत गर्भ सिद्ध करून त्याचे रोपण करावे, अशी पर्यायांची चढती श्रेणी उभी राहते, आणि पायरीगणिक खर्च, क्लेश व आशा ही तिन्ही वाढत जातात.

श्रेणी शास्त्राची खरी, पण तिच्यात रूढीचाही हात असतो. पतीची वीर्यतपासणी स्वस्त व निरुपद्रवी असूनही कित्येक घरांत ती पत्नीच्या साऱ्या तपासण्या उरकल्यावरच, तीही मिनतवारीने, होते. याहून विलक्षण गोष्ट म्हणजे एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडण्याची जी पद्धत ब्रुसेल्सच्या संशोधकांनी १९९२ मध्ये जगापुढे मांडली, ती मुख्यत्वे पुरुषाच्या वंध्यत्वावरचा उपाय आहे. तरीही रोजची इंजेक्शने आणि बीजांडे काढून घेण्याची शस्त्रक्रिया सोसावी लागते ती निर्दोष पत्नीला. दोष एकाचा आणि इलाज दुसऱ्याच्या देहावर, असा हा व्यवहार ठरवताना तिची इच्छा वेगळी विचारली गेली पाहिजे, आणि तीही सासूबाईंना क्षणभर बाहेर बसवून. अपत्य नको म्हणण्याचा स्त्रीचा अधिकार र. धों. कर्व्यांनी ज्या हट्टाने मांडला, तो हट्ट 'इतके सोसून नको' असे म्हणणाऱ्या स्त्रीच्या बाजूनेही कोणी धरावयास हवा.

मग येतो यशाचा टक्का. तो सांगितला जाताच ऐकणारा हरखतो, आणि छेदस्थानी काय आहे हे विचारण्याचे राहून जाते: सुरू केलेली सर्व आवर्तने, की केवळ रोपणापर्यंत पोहोचलेली? यश म्हणजे मूत्रतपासणीचा अनुकूल निकाल, की जिवंत जन्मलेले मूल? आणि स्वतःच्या बीजांडांनी मिळणारे यश पस्तिशीनंतर उतरणीला लागते व चाळिशीनंतर झपाट्याने घटते, हे जाणून तो आकडा कोणत्या वयाच्या स्त्रियांचा आहे? या प्रश्नांवर जो तज्ज्ञ रागावत नाही, त्याच्याकडे पुन्हा जावे.

तरीही कोठे थांबावे हे तज्ज्ञाच्या शास्त्रातून सहसा निघत नाही, कारण प्रत्येक अपयशामागे पुढच्या प्रयत्नाचे समर्थन करणारे काही ना काही कारण सापडतेच, आणि तोवर घातलेला पैसा व सोसलेले दुःख हीच पुढे जाण्याची सबब होऊन बसतात. म्हणून मर्यादा आरंभीच, मन शांत असताना, दोघांनी मिळून ठरवावी. मूल दत्तक घेणे किंवा दोघांनीच राहणे हे पर्यायही त्याच वेळी बोलून घ्यावेत. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाविषयीच्या २०२१ च्या कायद्याने लेखी संमती बंधनकारक केली आहे, आणि गर्भ गर्भाशयात सोडला जाईपर्यंत ती परत घेण्याची मुभाही दिली आहे. पण संमतीपत्राच्या कागदांच्या चळतीत ही मुभा बहुधा न वाचताच सहीखाली जाते. ती वाचून दाखवणारा तज्ज्ञ मला भिंतीवर बाळांची छायाचित्रे लावणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.