सांगणाऱ्याची पारख

पैगंबर मुहम्मद ६३२ साली मदिनेत वारले, तेव्हा त्यांचं बोलणं-वागणं सोबत्यांच्या आठवणीत होतं. ६५६मध्ये तिसरे खलिफा उस्मान यांची हत्या झाली, मुसलमान आपसांत लढू लागले आणि आपल्या बाजूचं एखादं पैगंबरवचन प्रत्येक गटाला हवंसं झालं. बसऱ्याचे इब्न सीरीन सांगत, की या यादवीपूर्वी वचन कुणाकडून आलं हे कुणी विचारत नसे. नंतर मात्र लोक सांगणाऱ्यांची नावं मागू लागले.

शंभरेक वर्षांत सिंधपासून स्पेनपर्यंत पोचलेल्या राज्याचं कौतुक पुष्कळ होतं. मला मात्र नावं मागण्याची ही सवय त्याहून मोलाची वाटते. वचनाच्या आधी साखळी यायची: मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने. या साखळीला इस्नाद म्हणत. मग एकेक कडी तपासायची. दोघं एकाच काळातले होते का? भेटले होते का? स्मरणशक्ती कशी होती? पूर्वी कधी खोटं बोलला होता का? त्यातून हजारो माणसांचे चरित्रकोश तयार झाले. बुखाऱ्याचे इमाम बुखारी (८१०–८७०) हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या या आठवणी, गोळा करत इराक, हिजाझ, इजिप्तपर्यंत हिंडले. त्यांचाच संग्रह पुढे अकराव्या शतकात करीमा अल-मर्वझीया ही विदुषी मक्केत शिकवत होती, आणि बगदादचा नामवंत पंडित अल-खतीब तिच्याकडून तो ऐकून गेला. तिथे विद्वान पुरुषाला बाईचा शब्द प्रमाण होता, हे आवर्जून सांगायला हवं.

पण बनावट वचनाला चांगली साखळीही जोडता येते. शिवाय साखळी माणसाची ग्वाही देते, घटनेची नाही. तबरीने (मृत्यू ९२३) आपल्या इतिहासात एकाच प्रसंगाच्या परस्परविरोधी हकिकती शेजारी-शेजारी ठेवल्या आणि प्रस्तावनेत बजावलं, की यात काही न पटणारं आढळलं तर ते सांगणाऱ्यांकडून आलेलं आहे. हा प्रामाणिकपणा खरा, पण निवाडा वाचकावरच राहिला.

अल-बेरूनी पुढे गेला. महमूद गझनवीच्या पदरी असलेल्या या पंडिताने संस्कृत शिकून १०३०च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवातच माणसं खोटं का सांगतात, या विचाराने होते: स्वार्थ, प्रेम, द्वेष, अज्ञान. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळवली, हेही त्याने लिहून ठेवलं.

इब्न खलदूनने १३७७मध्ये आपल्या इतिहासाच्या प्रस्तावनेत, ‘मुकद्दिमा’त, प्रश्नच बदलला. मोझेसच्या फौजेत सहा लाख माणसं होती, असं जुना इतिहासकार मसूदी लिहितो. इब्न खलदूनने सांगणाऱ्यांची नावं बाजूला ठेवून विचारलं: एवढी फौज एका रणांगणावर मावेल कशी? एका बगलेला काय चाललंय ते दुसऱ्या बगलेला कळेल कसं? आणि मूळ पुरुषापासून मोझेसपर्यंतच्या चारच पिढ्यांत एका घराण्याची एवढी माणसं होतील कुठून? माणसांचा समाज कसा चालतो हे आधी जाणून घ्या, मग बातमी पारखा, असा त्याचा आग्रह होता. त्याचा स्वतःचा मोठा इतिहास मात्र बराचसा जुन्या बखरींवरच उभा आहे.